सिदेक कोण लागतो?

पाइनाच्या पायाला त्या आठवड्यात भिंगरी लागली होती. पहाटे ती रबराच्या झाडांना काप घ्यायला जायची आणि निम्म्या झाडांना वाटी लावायलाच विसरायची. चीक सरळ मातीत. घरी येऊन भात चुलीवर चढवायची, तो शिजायच्या आत खांबांवरच्या घराचा जिना उतरून अंगणात यायची, आणि आपण कशासाठी उतरलो ते आठवेना म्हणून कोंबड्यांना उगाच हुसकायची. तोवर वर भात करपलेला असायचा. शेजारणी कुंपणावरून विचारायच्या, "काय गं, काही हरवलं का?" ती म्हणायची, "नाही, काही नाही," आणि पुन्हा घरात शिरायची. पाच मिनिटांनी पुन्हा बाहेर.

वरवर पाहिलं तर तिला आनंद व्हायला हवा होता. येत्या शुक्रवारी, जुम्म्याच्या नमाजानंतर, तिला आई मिळणार होती. आईबरोबर घर, भातशेतीचा तुकडा, दुरियनची चार फळझाडं आणि गावभर पसरलेलं गणगोत. आमच्या कंपुंग तेबात गावात असं नशीब सहसा कुणाचं उघडत नाही. पण एका प्रश्नाचं उत्तर तिला चारचौघांत द्यायचं होतं, आणि ते उत्तर तिच्या गळ्याखालून वर येत नव्हतं.

पाइना मूळची साबाककडची. जावाहून आलेल्या लोकांची तिथे वस्ती आहे. तिचा बाप नारळ सोलायचा. जंगलात बंडखोरांशी झुंज चालू होती त्या वर्षांत आमचा सिदेक पोलिसात शिपाई म्हणून तिकडे गेला, आणि बंडखोर एकही न पकडता बायको घेऊन परत आला. असं गाव अजून म्हणतं. बायको कामसू, हसरी, अंगापिंडानं बारीक. तिच्यात खोट काढायची म्हटलं तर एकच होती: तिला सुकू नव्हता.

सुकू म्हणजे कूळ, आणि ते फक्त आईकडून येतं. आमच्यात घर बाईचं, शेत बाईचं. आईचं लेकीला, लेकीचं नातीला. पुरुषानं लग्न करून बायकोच्या घरी राहायला जायचं. बायकोच्या घरी तो पाहुणा, आईच्या घरीही पाहुणाच, आणि तरी रुबाब असा करायचा की जणू सगळं त्याच्याच जिवावर चाललंय. सिदेकला जायला बायकोचं घरच नव्हतं. म्हणून त्यानं तिला आईकडे, एंबुनच्या घरी आणलं. उलटी गंगा म्हणून लोक हसले, मग सवय झाली.

यावर तोड नव्हती असं नाही. परक्या माणसाला सुकूत घ्यायची रीत आमच्यात जुनी आहे. तिला कादिम म्हणतात. बकरं कापायचं, गावाला जेवू घालायचं, सुकूच्या बुआपकासमोर शपथ घ्यायची; बुआपक म्हणजे सुकूतल्या घराण्यांचा म्होरक्या, तंटा सोडवायलाही तोच आणि लग्न जुळवायलाही तोच. शपथ झाली की परका माणूस पोटचा होतो. एका सुकूत लग्न चालत नाही, तिथले सगळे भाऊबहीण. म्हणून पाइनाला सिदेकच्या सुकूत नव्हे, दुसऱ्या एखाद्या सुकूत कादिम करायला हवं होतं. सगळे सिदेकला सांगून थकले. तो म्हणायचा, एवढा दुरियनचा बहर जाऊ दे. मग म्हणायचा, कापणी होऊ दे. दोन मुली झाल्या, रोस्नी आणि मिला, तरी त्याची कापणी काही संपली नाही. मग एकदा त्याला ताप आला, तो डोक्यात चढला, आणि काय होतंय ते घरच्यांना कळेपर्यंत माणूस हातचा गेला.

एंबुनला तो एकुलता. लेक नाही. तिच्यामागे घर जाणार होतं बहिणीच्या मुलीकडे, रुबियाकडे. पाइना आणि तिच्या पोरी कायद्यानं त्या घरातल्या कुणीच नव्हत्या. सव्वा वर्ष एंबुन काही बोलली नाही. मग एके सकाळी पानाचं तबक पुढे ओढत तिनं बुआपकाला निरोप धाडला, की पाइनाला मी माझी लेक करून घेणार आहे. रीतीनं आणि वारशानं, दोन्हीनं. आणि तेव्हा कुठे लोकांच्या ध्यानात आलं, की सिदेकनं चालढकल केली तेच बरं झालं. पाइना दुसऱ्या सुकूत गेली असती तर आज एंबुनला तिला हातही लावता आला नसता. आळशी माणसाच्या हातून कधीकधी असं भलं होऊन जातं.

घोडं अडलं ते रुबियापाशी. वारसदार म्हणून तिची संमती लागत होती. बुआपक एंबुनच्या ओसरीवर येऊन बसला, दोन-चार वडीलधारे जमले, आणि रुबिया पदर सावरून नीट मांडी घालून बसली. रुबिया ही बाई बोलायला लागली की समोरचा आपलं म्हणणं विसरतो. ती म्हणाली, हरकत माझी काही नाही, मला फक्त एक समजावून सांगा.

"ती आपल्या सुकूत आली, मक लोंगची, या माझ्या थोरल्या मावशीची, लेक झाली, तर सिदेक तिचा कोण लागतो? नवरा म्हणाल तर आपल्या सुकूत भावाबहिणीनं संसार केला असं होईल. गाव तोंडात शेण घालेल. आणि भाऊ म्हणत असाल, तर तिनं ते स्वतःच्या तोंडानं म्हणावं. सगळ्यांसमोर. मग माझी ना नाही."

बुआपकानं पान चघळत वेळ काढला. म्हातारा मनानं चांगला, पण अडला की त्याच्या तोंडून म्हणी पडतात, पडताना समोर कोण बसलंय हे त्याला दिसत नाही. तो म्हणाला, "शेवटी आपल्या वाडवडिलांनी सांगितलंय, पोर मेलं तरी चालेल, रीत मरता कामा नये."

म्हण आमच्यात रोज वापरतात. पण तो म्हणाला आणि त्याचं त्यालाच कळलं. त्यानं थुंकदाणीत तोंड घातलं.

"पोर तर मेलंच आहे, बुआपक," एंबुन म्हणाली. "आता रीतीनं तिच्याकडून काय द्यायचं ते द्यावं."

मग फार चर्चा झाली नाही. मरणानं लग्न सुटतं, त्यामुळे पाइनाला सुकूत घ्यायला आडकाठी नाही. पण रुबियाचा मुद्दाही रास्त आहे, सुकूनं आपल्या कानांनी ऐकलं पाहिजे. शुक्रवारी शपथेनंतर बुआपक तिला विचारेल, सिदेक तुझा कोण लागतो, आणि तिनं सांगायचं, माझा भाऊ. म्हटलं की ती लेक झाली. नाही म्हटलं तर बकरं खाऊन लोक घरी जातील आणि पाइना होती तशी राहील. हे सगळं ठरलं तेव्हा पाइना आतल्या फळ्यांच्या भिंतीपलीकडे कॉफी गाळत उभी होती. तिला कुणी काही विचारलं नाही. कॉफी मात्र मागितली.

तेव्हापासून ती भिंगरी. शब्द तर एवढासा होता. ती पाणी शेंदताना तो म्हणून बघायची, आणि सिदेक डोळ्यांसमोर यायचा. भाऊ दिसतो तसा नव्हे. त्याच्या मानेचा घाम, पाठीवरचा तीळ, मिला पोटात असताना त्यानं पोटाला लावलेला कान. हे सगळं आता कुणाचं म्हणायचं? शब्द ओठांवर आला की तिच्या अंगावर शहारा यायचा, जसा चुकून नको त्या ठिकाणी पाऊल पडल्यावर येतो. सिदेकचं तिच्यापाशी दुसरं काही उरलेलं नव्हतं. कबर गावाची, पोरी अल्लाच्या. नवरा तेवढा तिचा होता, आणि तोच द्यायचा होता.

एकदा तिनं एंबुनला बोलून दाखवलं. दोघी मागच्या पडवीत लसूण सोलत होत्या.

"मक, तुम्हाला कुणी म्हणालं, सिदेक तुमचा मुलगा नव्हता असं म्हणा, तर तुम्ही म्हणाल?"

एंबुननं सोललेली पाकळी टोपलीत टाकली. "माझ्या नातींना कुणी पावसात उभं करणार असतं," ती म्हणाली, "तर म्हटलं असतं. आणि मग घरात येऊन जीभ चावून घेतली असती."

यानं पाइनाचं समाधान झालं नाही. उलट आणखी एक काळजी लागली, की आपण म्हातारीइतक्याही धीराच्या नाही.

गुरुवारी सकाळी तिनं पोरींना सणाचे कपडे घातले, उरलेले एका सारोंगमध्ये बांधले आणि बाजाराला जाऊन येते म्हणून निघाली. एंबुन जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली होती. तिनं गाठोड्याकडे पाहिलं, पोरींच्या कपड्यांकडे पाहिलं, आणि केळीच्या पानात बांधलेला भात मिलाच्या हातात दिला. कुआला पिलाचा बाजार जेमतेम तासाभराच्या वाटेवर. तेवढ्यासाठी कुणी शिदोरी देत नाही. पाइनानं मान वर केली नाही. जिना उतरली आणि रस्त्यापर्यंत जवळजवळ पळतच गेली.

बेत साधा होता. कुआला पिलाहून सेरेंबानची बस, तिथून पुढे साबाक, भावाचं घर. भावजय तोंडाळ, पण भाऊ भाऊच होता. खरा, आईच्या पोटचा. बसमध्येही तिला स्वस्थ बसवेना. ती दर थांब्यावर अर्धी उठायची. कंडक्टर म्हणाला, "बाई, उतरायचं असलं तर उतरा, नाहीतर टेका. मलाच धाप लागली तुमच्याकडे बघून."

कुआला पिलाच्या अड्ड्यावर सेरेंबानची बस लागलेलीच होती. पाइना पोरींना ओढत तिकडे निघाली, आणि तेवढ्यात मागून हाक आली. रुबिया. दोन्ही हातांत पिशव्या, काखेत पिशवी, सुक्या मिरच्यांची पुडी दातांत धरलेली. ती पुडी तिनं आधी पाइनाच्या हातात कोंबली, मग एक पिशवी, मग दुसरी.

"बरं झालं भेटलीस, माझ्या हातांचे तुकडे पडले," रुबिया म्हणाली. "मटणाला कांदे कमी पडतील म्हणून आले. तुझ्या सासूचा अंदाज मला माहीत आहे, पन्नास माणसांना ती वीस माणसांचं रांधते."

मग तिची नजर गाठोड्यावर गेली. मग पोरींच्या कपड्यांवर. मिलानं तोवर रुबियाची करंगळी धरली होती, कारण आत्या दिसली की गूळ मिळतो हे त्या वयात पक्कं कळतं. रुबियानं तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि बाकावर बसली. पाइना उभीच. सेरेंबानच्या बसचा ड्रायव्हर चहा पीत होता.

"तुला वाटतं, मला ते घर हवंय," रुबिया म्हणाली. आवाज नेहमीसारखा नव्हता. "मला आईचं घर आहे. त्याला पत्रा आहे, विहीर आहे. मला काय करायचंय तुझ्या गळक्या छपराचं?"

पाइनानं विचारलं, मग हे सगळं कशासाठी?

"माझी आई गेली तेव्हा मी तुझ्या रोस्नीएवढी होते. सगळ्यांनी सांगितलं, रडू नकोस, आपल्या रीतीत मावशी म्हणजेच आई, मक लोंग तुझी आई. दर ईदला मी आधी तिच्या पाया पडते, मग घरी जाते. तिनं जेवू घातलं, कपडे केले, लग्नात मिरवली. पण लेक म्हणून कधी हाक मारली नाही. एकदासुद्धा नाही. आणि आता तिला लेक हवी झाली, तर तिनं तुझ्यासाठी बकरं कापलं."

"तर मग नको म्हणून सांगा, कक रुबिया. तुमचा हक्क आहे."

"सांगितलं असतं." रुबियानं मिलाच्या तोंडाला लागलेला गूळ पुसला. "मग या कुठं जातील? तेवढी वाईट नाही मी. पण तुला आई मिळणार, घर मिळणार, सगळं मिळणार. काहीतरी जाऊ दे ना तुझंही. माझं गेलंय."

पाइनाला राग यायला हवा होता, तो आला नाही. बाईनं मनातलं खरं सांगितलं की तिच्यावर रागावणं जड जातं. ड्रायव्हरनं चहाचा ग्लास ठेवला, बस सुरू केली. पाइना दोन पावलं पुढे गेली, दोन मागे आली. मिरच्यांची पुडी तिच्या हातात होती, पिशव्या पायाशी होत्या, आणि रोस्नी बाकावर शिदोरी सोडून बसली होती. भावजयीच्या चुलीपाशी उभी राहून मी तिथे कोण म्हणून खाणार, हा विचार तिला नेमका तेव्हाच सुचला. साबाकला गेली तरी प्रश्न तोच होता. बस गेली.

परतीच्या वाटेवर दोघी एका बाकावर बसल्या आणि कांद्यांच्या भावाखेरीज काही बोलल्या नाहीत. एंबुन त्याच पायरीवर होती. गाठोडं पाहून म्हणाली, "कांदे आणलेस का?" पाइना म्हणाली, आणले.

शुक्रवारी घर माणसांनी भरलं. पुरुष ओसरीवर, बायका आतल्या घरात, मधल्या दारात रुबिया, म्हणजे तिला दोन्हीकडचं ऐकू यावं. मागच्या अंगणात मटण शिजत होतं. वाटीत बकऱ्याचं थोडं रक्त ठेवलं होतं. इमामाला ते पसंत नव्हतं, पण त्या वेळी तो दुसरीकडे बघत होता. पाइनाला बुआपकासमोर बसवलं. एंबुन तिच्या शेजारी. आधी म्हातारीनं वाटीत बोट टेकवलं, मग पाइनानं. बोट पुसायचं कशाला हे तिला सुचेना, ती ते तसंच हवेत धरून बसली. एंबुनचा सुकू तिगा बातू. बुआपक सांगत गेला आणि ती मागून म्हणत गेली. तिगा बातू सुकूचं सुख ते माझं सुख. सुकूचं कर्ज ते माझं कर्ज. सुकूची लाज ती माझी लाज. इथवर ठीक झालं. आवाज बारीक होता, पण होता.

मग बुआपकानं घसा साफ केला.

"एंबुनच्या पोटी एक मुलगा झाला. सिदेक. तो तुझा कोण लागतो?"

पाइनानं तोंड उघडलं. माझा भाऊ, एवढंच. आदल्या दिवशीपासून ती ते पुटपुटत होती. सगळे बघत होते. ओसरीवर कुणीतरी खोकलं. बुआपकानं मदत म्हणून मान हलवली, जशी मास्तर पाढा अडलेल्या मुलापुढे हलवतो. एंबुन समोर बघत होती. आतून रोस्नीनं हाक मारल्यासारखं वाटलं. काहीही करून इथून सुटायचं होतं, आणि सुटता येत नव्हतं.

तिला काय म्हणायचं ते आठवलं नाही. भीती वाटली तेव्हा त्या घरात ती जे करत आली होती, तेच तिनं केलं. चुलीमागे साप निघाला तेव्हा, वादळानं छप्पर उचललं तेव्हा, मिला रात्रभर फणफणली तेव्हा ती जे करायची ते. तिनं त्याला हाक मारली.

"अबांग."

चांगली मोठ्यानं मारली, खाली अंगणात लाकडं फोडणाऱ्या माणसाला ऐकू जाईल अशी.

आता अबांग म्हणजे थोरला भाऊ. बहीण थोरल्या भावाला अबांग म्हणते. आणि आमच्यात बायकोही नवऱ्याला अबांगच म्हणते. नाव घेत नाही, दुसरा शब्द नाही. पुरुषांनी उत्तर ऐकलं, त्यांचा जीव भांड्यात पडला. बुआपकानं चारी बाजूंना पाहिलं. "ऐकलंत? थोरला भाऊ म्हणाली." ओसरी म्हणाली, ऐकलं.

आतल्या घरात एकही बाई बोलली नाही. सगळ्याजणी रोज संध्याकाळी हीच हाक मारतात. ती कुणासाठी होती हे त्यांच्यापासून लपलं नव्हतं, आणि रुबियापासून तर मुळीच नाही. तिचा हक्क होता. मधल्या दारातून एवढंच विचारायचं होतं, कुठला अबांग? तिनं विचारायला तोंड उघडलंसुद्धा.

पण ती बघत होती मक लोंगकडे. हाक ऐकताच एंबुनची मान वळली होती. बुआपकाकडे नाही, पाइनाकडे नाही. जिन्याकडे. त्या आवाजात ती हाक आली की खालून पावलं वाजायची, एवढी वर्षं, आणि म्हातारी सवयीनं बघत होती, तो वर येतो का. पाइनाही तिकडेच बघत होती. भरल्या घरात तेवढ्या दोघीच जिन्याकडे तोंड करून बसल्या होत्या.

रुबियानं तोंड मिटलं आणि मागच्या दारानं मटण ढवळायला निघून गेली.

मग एंबुननं नजर वळवली. पाइनाचं हवेत धरलेलं बोट तिनं आपल्या पदरात घेऊन पुसलं.

"तो नाही यायचा, पोरी," ती हळूच म्हणाली. "ऊठ. माणसं उपाशी आहेत, वाढायला घेऊ."